जागेची चौकशी : नोकरी सोडून ब्रोकर होऊ का?

प्रश्न : वय ३१, हिंजवडीत एका कंपनीत सपोर्टला आहे, हातात ३८ हजार येतात. माझा एक मित्र दोन वर्षांपासून रिअल इस्टेटमध्ये आहे, तो म्हणतो एक डील बसली की तुझा चार महिन्यांचा पगार निघाला समज. माझ्याकडे ९ लाख साठलेत. नोकरी सोडून एजंट व्हायचं आणि ते ९ लाख टाकून वाकड-ताथवडे साइडला एक वन बीएचके इन्व्हेस्टमेंट म्हणून घ्यायचा, असं डोक्यात आहे. दोन्ही एकदम करू का? बायको नको म्हणतेय.
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : बायकोला माझा नमस्कार सांगा.

तुमचा मित्र खोटं बोलत नाहीये, फक्त अर्धंच सांगतोय. एका डीलमध्ये चार महिन्यांचा पगार निघतो हे खरं, पण तो कधी निघतो ते विचारा त्याला. नव्या प्रोजेक्टमध्ये बुकिंग झालं की बिल्डर लगेच चेक फाडत नाही, आधी अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर व्हायला हवं, मग कस्टमरचे ठरलेले टक्के पैसे जमा व्हायला हवेत, मग तुमचं बिल, मग अकाउंट्सवाले साहेब सुट्टीवर. मी नवा होतो तेव्हा एकाच बिल्डरकडे दोन बुकिंग दिली होती, एकाचं पेमेंट अकरा महिन्यांनी आलं आणि दुसऱ्या कस्टमरचं लोन नामंजूर झालं, बुकिंग कॅन्सल, मला मिळाले शून्य रुपये आणि वर साइटवर नेऊन आणायचं पेट्रोल माझंच. ते ९ लाख आहेत ना, ती तुमची इन्व्हेस्टमेंट नाहीये, तो तुमचा पहिल्या वर्षाचा किराणा आहे.

आता फ्लॅटचं गणित. समजा ६० लाखांचा रिसेल वन बीएचके बघितलात. बँक यात साधारण ८० टक्के देते, म्हणजे १२ लाख तुमचे. पुण्यात स्टॅम्प ड्युटी ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार (बायकोच्या एकटीच्या नावावर घेतला तर १ टक्का सवलत आहे, हे तिला जरूर सांगा), रजिस्ट्रेशनचे ३० हजार. झाले साडेसोळा लाख, किल्ली हातात यायच्या आधी. पुढं ४८ लाखांचं लोन साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी धरलं तर हप्ता ४१ हजार ६०० च्या आसपास. भाडं धरा १८ हजार, त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स जाणार, आणि भाडेकरी बदलताना एखादा महिना फ्लॅट रिकामा राहतोच. बरं हे सगळं बाजूला ठेवलं तरी ३८ हजार पगारावर कुठली बँक ४८ लाख देणार? आणि नोकरी सोडलीत की बँकेच्या लेखी तुम्ही धंदेवाले, मग ती दोन-तीन वर्षांचे रिटर्न मागणार, जे तुमच्याकडे नसणार.

मित्र कदाचित म्हणेल, अंडर कन्स्ट्रक्शन घे, १० टक्के भर आणि पझेशनच्या आधी विकून टाक. १० टक्क्यांचं खरं आहे, रेरा कायद्यात (घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठीचा कायदा) अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर केल्याशिवाय बिल्डरला त्याहून जास्त घेता येत नाही. पण विकताना तुमची स्पर्धा त्याच बिल्डरशी असते हो. त्याच्याकडे त्याच बिल्डिंगमधले रिकामे फ्लॅट, वर मॉड्युलर किचन फ्री. तुमच्याकडून कोण घेणार, ट्रान्सफर चार्जेस भरून?

मग करायचं काय तर नोकरी ठेवा आणि शनिवार-रविवार भाड्याची कामं करा. यात दिमाख नाही, मान्य. पण हिंजवडीतच कामाला आहात, तुमच्या फ्लोअरवर दर महिन्याला कुणीतरी रूम शोधत असतो, तुमचं गिऱ्हाईक कँटीनमध्येच बसलंय. एक महिन्याचं भाडं ब्रोकरेज, अकरा महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स ऑनलाइन रजिस्टर करायला शिकायचं, पोलीस व्हेरिफिकेशन करून द्यायचं, एवढं नीट केलंत की ओनर पुढच्या वेळी फोन तुम्हालाच करतो. आणि हाच ओनर दोन वर्षांनी म्हणतो, विकायचाय, बघा कुणी. माझी पहिली मोठी रिसेल अशाच एका काकांची, ज्यांच्या फ्लॅटचा गळका नळ मी तीनदा प्लंबर नेऊन दुरुस्त करून दिला होता.

फ्लॅट दाखवायला न्याल तेव्हा हॉलमधला झुंबर बघत बसू नका. संध्याकाळी सहाला जा, किचनचा नळ सोडा, मग खाली येऊन वॉचमनला विचारा दिवसाला टँकर किती येतात. त्या साइडला उन्हाळ्यात मेंटेनन्स का वाढतो ते वॉचमन तुम्हाला दोन वाक्यात सांगतो, सेक्रेटरी अर्धा तास बोलून सांगत नाही. शंभर फ्लॅट असे बघितलेत ना, की स्वतःचा कुठला घ्यायचा हे मला विचारायची वेळच येणार नाही.

नव्या प्रोजेक्टचं काम सुरू करायचं तर महारेराचं, म्हणजे रेरा कायदा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचं, एजंट म्हणून रजिस्ट्रेशन लागतंच. आधी २० तासांचं ट्रेनिंग, मग परीक्षा, पास झाल्याचं सर्टिफिकेट, त्यावर अर्ज, एकट्या माणसाला फी १० हजार आणि नंबर पाच वर्षं चालतो. नंबर नसताना असे फ्लॅट विकायला लागलात तर दंड दिवसाला १० हजार, चढत चढत त्या जागेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत. मित्राला सहज विचारा, तुझा नंबर काय रे. तो अडखळला तर त्याचा सल्ला किती घ्यायचा ते तुमचं तुम्ही ठरवा.

अजून एक, कारण यात लोक नाव घालवतात. उद्या एखादे आजोबा फ्लॅट विकायला आले, भाव बाजारापेक्षा ६ लाखांनी कमी सांगितला, तर मोह होतो की आपणच घेऊ. घ्या की. पण आधी त्यांना सांगा की काका, बाजारभाव एवढा आहे आणि घेणारा मीच आहे, तेही लिहून द्या आणि ब्रोकरेज सोडा. एवढं सांगून जमत नसेल तर ते डील नकोच.

प्रश्न : मी नुकतंच प्लॉटिंगचं काम सुरू केलंय. मुळशीकडे एक पार्टी दोन-दोन गुंठे विकतेय, सातबारा दाखवतात, रेट पण चांगला आहे. कस्टमर न्यावेत का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : सातबारा दाखवतात म्हणजे काय दाखवतात? सातबारा हा मालकीचा पुरावा नाही, महसुलाची नोंद आहे. आणि लोक वरचं नाव वाचतात नि कागद घडी करून खिशात घालतात, खरी गोष्ट त्या खालच्या ‘इतर हक्क’ रकान्यात असते. बँकेचा बोजा, कुळ, बहिणींची नावं, कोर्टाचा दावा, सगळं तिथं. मी एकदा बघितलेल्या सातबाऱ्यावर १४ नावं सामायिक होती आणि विकणारा त्यातला एकच, बाकीचे म्हणे ‘तोंडी तयार आहेत’. वर्ग २ ची (सरकारी अटी असलेली) जमीन असेल तर परवानगीशिवाय पुढं जाताच येत नाही. तुम्ही एनए ऑर्डर (बिगरशेती परवानगी) मागा, मंजूर लेआउट मागा, रस्ता कुणाच्या नावावर आहे ते मागा, फेरफार (हक्क बदलल्याच्या नोंदी) मागे जाऊन वाचा. आणि एनए नसेल तर तुमचा कस्टमर शेतकरी आहे का ते बघा, आपल्याकडे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन अशी सरळ घेता येत नाही. यातलं काही मागितल्यावर समोरचा ‘साहेब, आजवर कुणी विचारलं नाही’ म्हणाला की गाडी वळवा. प्लॉट फसला तर कस्टमर त्या पार्टीच्या दारात जात नाही, तुमच्या दारात येतो, कारण तुमचं दार त्याला माहितीये.

प्रश्न : घरून ब्रोकरेजचं काम करते. चुलत जाऊबाईंना फ्लॅट मिळवून दिला, आता ब्रोकरेजचं नाव काढलं की ‘घरातलंच तर आहे’ म्हणतात. काय करू?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : हे पैसे गेले ताई, सोडा. पुढच्या वेळी पहिली व्हिजिट दाखवायच्या आदल्या रात्रीच व्हॉट्सअ‍ॅपवर टाका : उद्या ११ वाजता दोन फ्लॅट बघू, माझं ब्रोकरेज १ टक्का, घरच्यांना अर्धा. समोरून ‘ओके’ आलं तरच साडी बदलायची. आणि जाऊबाईंच्या वास्तुशांतीला आहेर मात्र हलकाच न्या.