लांबच्या वादळाची लाट ओळखताना

आपण कोल्हापूरकर पाण्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर पाहायला शिकलो. 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका, आणि वर पाऊस झाल्याशिवाय पंचगंगा सहसा चढत नाही. समुद्राचे तसे नसते, हे मालवणला पहिल्यांदा जाण्यापूर्वी तुम्ही मनात पक्के करावे. ऑक्टोबर 2019 मधले क्यार चक्रीवादळ अरबी समुद्रातच विरले, तरी कराचीच्या सखल किनाऱ्यावर पाणी शिरले. अटलांटिकमधल्या हरिकेनमुळेही शेकडो किलोमीटर दूर, निरभ्र आकाशाखाली असेच घडते.

म्हणून अंदाज वाचताना केवळ लाटेची उंची नव्हे, तर दोन लाटांमधले सेकंदही पाहावेत. दीड मीटरचीच, पण 16 सेकंदांच्या अंतराने येणारी, म्हणजे लांबच्या वादळाची, लाट उथळ पाण्यात उंचावते, आणि तिची अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाशी गाठ पडली तर पुळणीची वाळू कापून नेते. मोठ्या लाटा गटाने येतात. मधली शांतता, माझ्या मते, नवख्याला सर्वांत जास्त फसवते, तेव्हा दहा मिनिटे पाणी शांत दिसले म्हणून पुढे जाऊ नये. वाळूत ताजा तुटलेला कडा दिसला, तर सामान सुरूच्या बनामागे ठेवावे.