नकली हंस कॅनडात ठीक, खाडीत नको

प्रश्न : माझा भाचा कॅनडात सास्काचेवानला असतो. मित्रांबरोबर परवाना काढून ‘कॅनडा गूज’ या हंसांच्या शिकारीला जातो. खऱ्या हंसांना भुलवून खाली उतरवायला सप्टेंबरात शेतात डझनभर प्लास्टिकचे हंस, म्हणजे ‘डिकॉय’, मांडतात, पुढे शंभरावर नेतात. असं का? आणि फ्लेमिंगोंचे फोटो जवळून मिळावेत म्हणून मी खाडीत असे डिकॉय ठेवू का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : आधी भाच्याचं. नोकरीनिमित्त मी कॅनडातल्याच अल्बर्टा प्रांतात राहिलो. बंदूक कधी धरली नाही, पण शेजाऱ्याबरोबर पहाटे हंस मांडायला हौसेने जायचो. खरे पक्षी त्या-त्या दिवसांत जसे बसतात, तशी मांडणी करायची. सप्टेंबरात तिथेच वाढलेली कुटुंबं असतात, आईबाप आणि त्या वर्षीची पिल्लं. म्हणून पाच-सहांचे घोळके, मधे भरपूर अंतर. मग उत्तरेकडचे थवे उतरतात, कापणी झालेल्या गव्हा-वाटाण्याच्या शेतांत एकत्र चरतात, तशी मांडणीही वाढते. पाणी गोठू लागलं की पक्षी अंग चोरून दाटीने बसतात. तेव्हा बसलेले डिकॉय जास्त लागतात. तोवर गोळीबाराने पक्षी बिथरलेलेही असतात, त्यामुळे काही शिकारी मोजकेच, पण हुबेहूब डिकॉय ठेवतात.

बहुतेक माना खाली, चरणाऱ्या हव्यात. ताठ मानेचे फार झाले की वरच्या थव्याला धोक्याचा वास येतो. हंस वाऱ्याला तोंड करून उतरतात, म्हणून वारा पाठीवर घेऊन लपायचं आणि समोर उतरायला मोकळी जागा सोडायची. दवाने प्लास्टिक चमकायला लागलं की माझा शेजारी फडक्याने एकेक पाठ पुसत फिरायचा.

आता तुमचं. कृपा करून ठेवू नका. ठाणे खाडी 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, 2022 पासून रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथे उतरताच येत नाही. शिवाय उपयोगही शून्य. ओहोटीला चिखल उघडा पडतो तिथे फ्लेमिंगो चोचीने शेवाळ आणि बारीक जीव गाळून खातात. चिखल असेल तिथेच ते जाणार. डिकॉय रोवायला तुम्ही चिखलात पाय टाकलात की चरणारा थवा उठेल, आणि ते मला बघवणार नाही.

त्यापेक्षा भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. भरतीने चिखल बुडाला की बरेच फ्लेमिंगो नेरुळच्या पाणथळींवर येऊन बसतात. मोठ्या भरतीच्या आधी तासभर तिथे पोहोचा, काठावरच शांत बसा. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून बोटही सुटते, तीही भरतीच्या वेळा पाहूनच. हंगामात आधी चौकशी करून जा.