गाठ तशीच राहू दे

प्रिय पोरी,

परवा मध्यरात्री तुझा फोन आला तेव्हा मी जागीच होते. नोकरी सुटली तरी रात्रपाळीची सवय सुटत नाही. ऐरोलीच्या खाडीकाठी तिवरांत सापडलेलं स्त्री जातीचं अर्भक, जुन्या साडीच्या तुकड्यात बांधलेलं. "मावशी, सगळे म्हणतात एडीआर, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल कर, पेपरात दोन ओळी दे, दफन कर, विषय संपला." असं म्हणालीस आणि गप्प झालीस. हुद्द्याने तू माझ्या वर आहेस, मी सहायक फौजदार म्हणून घरी आले. पण मावशी म्हणतेस, म्हणून हक्काने लिहिते.

आधी ती साडी. पंचनाम्यात आपण 'कापडात गुंडाळलेले अर्भक' लिहून मोकळे होतो. काठाचा रंग लिही, कड फाडलेली की कात्रीने कापलेली ते लिही, कुठे हातशिलाई असेल तर तीही. गाठ अजून सुटली नसेल तर तिला हात लावू देऊ नकोस, कापड दुसऱ्या बाजूने काप. गाठ ज्याच्या-त्याच्या हाताच्या सवयीची असते. ओलं कापड प्लॅस्टिकमध्ये सील करू नकोस, बुरशी धरते. सावलीत वाळव आणि कागदी पाकिटात घाल.

मग नाळ. डॉक्टरांना स्पष्ट विचार, नाळ ब्लेडने कापली की ओढून तुटली, दोरा बांधलाय की प्लॅस्टिकची क्लिप. क्लिप निघाली तर बाळंतपण दवाखान्यात झालं असणार आणि तुझी अर्धी पायपीट वाचली. दिवस किती भरले होते याचा अंदाज लांबीवरूनही येतो. पाचव्या महिन्यानंतर सेंटिमीटरला 5 ने भागलं की चांद्र महिने (28 दिवसांचे) मिळतात, 50 सेंटिमीटर म्हणजे पूर्ण दिवसांचं बाळ. फुप्फुस पाण्यात तरंगलं म्हणजे बाळ जिवंत जन्मलं, अशी मात्र एकदम उडी मारू नकोस. कुजायला लागलं की वायूनेही तरंगतं, आणि हे बाळ पाण्यातून आलंय. शवविच्छेदनाचा अहवाल हातात येईपर्यंत खून हा शब्द तोंडातूनही काढू नकोस, पत्रकारांसमोर तर नाहीच.

बोटांचे ठसे इथे कामाचे नाहीत. पाच वर्षांच्या आतल्या मुलाच्या आधारला ठसे घेतच नाहीत. राहतो तो डीएनए, आणि इथेच माझ्या हातून चूक झाली होती. ठिकाण सांगत नाही. तेव्हा मी हवालदार होते, असंच एक बाळ होतं. नमुना राखून ठेवण्याचं पत्र माझ्या हातचं, पण त्यात डीएनएचा उल्लेख राहिला. नमुना फॉर्मालिनच्या बरणीत गेला, कारण दुसरं काही मागितलंच नव्हतं. तीन वर्षांनी एक बाई स्वतःहून ठाण्यात आली. म्हणाली, ते माझं असेल. फॉर्मालिनमधल्या त्या तुकड्यातून तोवर डीएनए निघेना. ती बराच वेळ बाकावर बसून राहिली आणि मग म्हणाली, "कुठं पुरलंय तेवढं तरी सांगा." तेही मी लिहून ठेवलं नव्हतं.

तेव्हा पत्रात डीएनए हा शब्द ठळक लिही, फॉर्मालिन नको असंही लिही, आणि कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेची पोच केस डायरीला लाव. दफनभूमीच्या रजिस्टरचा नंबर, रांग, कुठल्या झाडापासून किती पावलं, सगळं उतरवून घे.

आता खाडी. बाळ ऐरोलीत सापडलं म्हणजे ऐरोलीचं, असं धरू नकोस. ओहोटीला कळवा-विटाव्याकडून खाली येतं, भरतीला वाशीकडून वर जातं, आणि समोरचा काठ मुलुंडचा, म्हणजे मुंबईची हद्द. दिवसातून दोनदा भरती येते. बाळ सापडण्याआधीच्या दोन दिवसांत उधाण होतं का, हे कोळीवाड्यातल्या एखाद्या म्हाताऱ्याला विचार. तो नकाशाशिवाय सांगेल. मग पलीकडच्या ठाण्यांना आणि रेल्वे पोलिसांना संदेश पाठव. हद्दीवरून भांडण होईलच, ते होऊ दे.

बायकांची विचारपूस शेवटी ठेवलीय, कारण आपल्याकडे तिथूनच सुरुवात होते. जवळची झोपडपट्टी गाठायची, कोण पोटुशी होती ते विचारायचं, एखादी एकटी राहणारी पोरगी उचलायची. तू वस्तीतल्या आशाताईंना, म्हणजे आरोग्य स्वयंसेविकांना, घेऊन जा. कोणाचे दिवस भरत आले होते आणि आता घरात बाळ नाही, हे त्यांना वहीशिवाय ठाऊक असतं. पण दिघ्याच्या खाणीतली, नाक्यावरची, घरकामाला राहणारी बाई कुठल्याच वहीत नसते, हे ध्यानात ठेव. आणि बाईला जबाबासाठी ठाण्यात बोलवायचं नाही, तिच्या घरी जायचं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 179 मध्येच ते आहे.

आयर्लंडमधल्या केरी परगण्यात 1984 साली समुद्रकिनाऱ्यावर भोसकलेलं बाळ सापडलं. पोलिसांनी एका तरुणीला धरलं, तिने आणि तिच्या घरच्यांनी चक्क कबुली दिली. मग तिचं स्वतःचं बाळ घरच्या शेतावर मिळालं आणि किनाऱ्यावरच्या बाळाचा रक्तगट तिच्याशी जुळेना. पोलिसांनी तिची माफी मागायला 2018 उजाडलं. आपल्याकडच्या किती कबुल्या अशा असतील, मला विचारू नकोस.

खरी आई सापडलीच तर आधी 108 बोलव. घरी एकटीने बाळंत झालेली बाई अंगावरून जाऊन दगावते, वार आत राहिली असेल तर तापाने फणफणते. जबाब दोन दिवसांनी घेता येतो. ती अठराच्या आतली निघाली तर पोक्सो, म्हणजे बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायदा, लागतो आणि मग शोध दुसऱ्याच माणसाचा सुरू होतो. जन्म लपवण्याचं कलम आता भारतीय न्याय संहितेत 94 आहे, पूर्वीच्या दंड संहितेतलं 318. बाळ जन्माआधी गेलं, जन्मताना की नंतर, त्याने त्या कलमाला फरक पडत नाही आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत आहे. मूल सांभाळता येत नसेल तर बाल कल्याण समितीपुढे कायद्याने सोपवता येतं, विचार बदलायला 60 दिवसही मिळतात. असं सांगणारी पाटी मी एकाही सोनोग्राफी सेंटरच्या भिंतीवर पाहिलेली नाही.

चेहऱ्याचा फोटो ग्रुपवर टाकू देऊ नकोस. कोणी टाकला असेल तर आजच काढायला लाव. फिरवायचा तर कापडाचा फिरव.

मंगळवारी मी कळव्याला बहिणीकडे आहे. काठाचा फोटो कागदावर छापून आण, मोबाईलवर रंग खोटे दिसतात. तिच्या शेजारी एक बाई जुन्या साड्यांवर भांडी देते, तीस वर्षं खाडीच्या दोन्ही काठांनी फिरलीय. असा काठ कुठल्या वस्तीत दिसतो, तिला विचारून बघू.

तुझी,
मावशी