साथीच्या काळात सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाची काळजी: नव्या पालकांना सल्ला

सेरेब्रल पाल्सी म्हणजे लहानपणीच मेंदूला झालेल्या इजेमुळे किंवा त्याच्या वाढीतील बिघाडामुळे हालचाल आणि स्नायूंवर परिणाम होणारी अवस्था. सर्वांत आधी औषधांविषयी सांगते. स्नायूंचा ताठरपणा कमी करणारे बॅक्लोफेन अचानक बंद पडल्यास ताठरपणा एकदम वाढतो, भास होतात, झटकेही येऊ शकतात. त्यामुळे डॉक्टरांशी बोलून काही आठवड्यांचा साठा आधीच करून ठेवावा. 2020 मध्ये कोविडमुळे अनेक ठिकाणी थेरपी केंद्रे बंद झाली आणि व्यायाम घरच्यांवर येऊन पडला. सांधे एकदा आखडले की ते पुन्हा सैल करणे फार कष्टाचे असते. म्हणून टाच तळहातात धरून पाऊल सावकाश वर वळवणे आणि ताण जाणवताच तेथेच थोडा वेळ थांबणे, हे थेरपिस्टकडून, व्हिडिओ कॉलवर का होईना, नीट शिकून घ्या. लाळेने ओला झालेला मास्क लगेच बदलावा.

आणि आपण स्वतः आजारी पडलात तर? हा विचार बहुतेक पालक टाळतात. मला मात्र तोच सर्वांत निकडीचा वाटतो. मुलाला कसे उचलायचे, भरवताना मान कशी आधारायची, ‘नको’ हे ते कोणत्या हावभावाने सांगते, हे सारे कागदावर लिहून ठेवा आणि घरातील दुसऱ्या व्यक्तीकडून आपल्यासमोर अधूनमधून प्रत्यक्ष करून घ्या.