'विहीर' अर्ध्यात बंद केलात, बरं

"'वळू' आवडला म्हणून त्याच दिग्दर्शकाचा 'विहीर' लावला, काहीच घडत नाही म्हणून अर्ध्या तासात बंद केला. लोक याला एवढं का डोक्यावर घेतात? पुढे बघावा का?" असं विचारलंय तुम्ही. डोक्यावर घेतला कुठे हो? २०१० साली आला आणि गेला. बर्लिनच्या महोत्सवात दाखवला, निर्मिती अमिताभ बच्चनच्या कंपनीची, तरी आम्ही गेलो त्या खेळाला अर्ध्याअधिक खुर्च्या रिकाम्या.

घोळ 'वळू'नेच केला. उमेश कुलकर्णी म्हटलं की लोक हसायच्या तयारीत. आमचे दाजीही तसेच आले होते. मध्यंतरापर्यंत तीनदा घड्याळ बघितलं आणि मोठ्याने म्हणाले, "तो विहिरीत बघतोय, आपण त्याला बघतोय!" मागच्या रांगेतले हसले. ताईसुद्धा हसली. तेव्हापासून घरात कुठलंही काम रेंगाळलं की "विहीर झाली" म्हणतात. गॅसचा नंबर लागेना, विहीर झाली. लग्नाची पंगत उठेना, विहीर झाली.

मी हसत नाही, कारण चित्रपटातल्या नचिकेतसारखाच माझा आतेभाऊ गेला. मी अकरा वर्षांचा होतो. मला शेजाऱ्यांकडे बसवून ठेवलं, हातात पोह्यांची बशी दिली. तेराव्याला पंगत उठली, सुट्टी संपली, शाळा सुरू झाली. मग त्याचं नाव कुणीच घेईना. मी मात्र कितीतरी दिवस माळ्यावर, गोठ्यामागे, कणगीच्या आडोशाला डोकावून यायचो. लपला असेल, म्हणून. पडद्यावर नचिकेत विहिरीत बुडून गेल्यावर त्याचा नात्यातला भाऊ समीर त्याला शोधत हिंडतो, तेव्हा मला गोष्ट पुढे सरकायला नकोच होती. अशा वेळी काही सरकतच नसतं. सुधीर पळशीकरांचा नव्हे, सुधीर पलसाणेंचा कॅमेरा (नावात दरवेळी गफलत होते माझी) त्या रिकाम्या जागांवर थांबतो, पाण्यावर थांबतो. त्याला संथ म्हणायचं तर म्हणा. पार्श्वसंगीत कोकलल्याशिवाय ज्यांना दुःख कळत नाही, त्यांच्यासाठी हा चित्रपट नाहीच.

आता खरं सांगायचं तर उत्तरार्ध जरा लांबलाय. पोरं कधीकधी वयापेक्षा फार शहाणं बोलतात, तेही मला खटकतं. पण म्हणून 'काहीच घडत नाही' म्हणायचं?

पुढे बघायचा तर एकट्याने बघा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. पाहुण्यांबरोबर तर मुळीच नको.

आणि दाजी, ताई तुम्हाला हे वाचून दाखवणार हे मला माहीत आहे. मध्यंतरानंतर वीस मिनिटं तुम्ही बाहेर ऑफिसचा फोन घेत उभे होतात. आत आल्यावर "काय झालं?" एवढंसुद्धा विचारलं नाहीत.