कराचीचा दाखला, लाहोरचा निकाल

पाकिस्तानात 2023 च्या जनगणनेनुसार ख्रिस्ती लोक सुमारे 33 लाख, म्हणजे लोकसंख्येच्या दीड टक्क्याहूनही कमी. त्यांतले साधारण निम्मे कॅथलिक. त्यांच्याविषयी आलेल्या पत्रांतली काही पत्रं आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : आजोबांचा जन्म 1931 चा, कराचीतला. त्यांच्या स्नानसंस्काराचा (बाप्तिस्म्याचा) दाखला हवा आहे. तेव्हा कराची मुंबईच्या आर्चबिशपांकडे होती, असं घरात ऐकलंय. मग अर्ज कुठे करायचा? (वसई)

उत्तर : आधी कराचीलाच. तुम्ही ऐकलंय ते खरं आहे. कराचीचा वेगळा धर्मप्रांत (एका बिशपांच्या अखत्यारीतला प्रदेश) 1948 मध्ये झाला आणि 1950 मध्ये तो महाधर्मप्रांत, म्हणजे आर्चबिशपांचा प्रांत झाला. त्याआधी तो भाग मुंबईकडे होता. पण धर्मप्रांत बदलला म्हणून नोंदवही जागा सोडत नाही. ज्या चर्चमध्ये पाणी पडलं, वही तिथेच. त्यामुळे कुटुंब कराचीत कुठे राहत होतं, हे पहिल्यांदा शोधा. सदर भागात असेल तर सेंट पॅट्रिक कॅथेड्रल, गार्डन ईस्टच्या सिनसिनाटस टाउनकडे असेल तर सेंट लॉरेन्स.

अर्जात आजोबांचं नाव, वडिलांचं नाव, आईचं माहेरचं आडनाव आणि जन्मवर्षाच्या अलीकडची-पलीकडची दोन-दोन वर्षं द्या. घोटाळा बहुधा नावातच होतो. जुन्या वह्यांत नावं पुष्कळदा लॅटिन वळणाची असतात : फ्रान्सिसचा फ्रान्सिस्कस, जॉनचा जोआनेस. गोव्याकडच्या आडनावांची तर तीन-तीन रूपं सापडतात. डिसूझा, दे सौझा आणि नुसतं सौझा एकाच घरातले असू शकतात. म्हणून सगळी रूपं लिहून पाठवा, नाहीतर ‘नोंद सापडत नाही’ असं उत्तर येईल आणि नोंद वहीत तशीच पडून राहील.

कराचीहून काहीच हाती लागलं नाही, तर मग मुंबई. 1918 पासून लागू झालेल्या चर्चच्या कायद्यात धर्मग्रामाच्या (एका चर्चच्या हद्दीतल्या समाजाच्या) वह्यांची प्रत दरवर्षी बिशपांच्या कार्यालयात पाठवण्याचा नियम होता. 1931 साली ते कार्यालय मुंबईचं. नियम होता म्हणून प्रत आली असेलच असं धरू नका, पण विचारून बघायला काय जातं!

कुणाला स्वतःचा दाखला चर्चमधल्या लग्नासाठी लागत असेल तर जुनी पिवळी प्रत चालत नाही. सहसा सहा महिन्यांच्या आत काढलेली मागतात, कारण समासातली नोंद बघायची असते : दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा संस्कार) झालं का, आधी लग्न झालंय का. लग्न दुसरीकडे झालं तर त्या चर्चने मूळ चर्चला कळवायचं असतं. सरहद्दीच्या अलीकडे-पलीकडे हे कळवणं राहून गेलेलं असू शकतं.

प्रश्न : तिथे चर्चमध्ये लागलेलं लग्न सरकार मानतं का? आणि मोडलं तर? (पुणे)

उत्तर : मानतं. कायदा 1872 चा, आपल्याकडचाच. त्यातलं कलम 10 वाचण्यासारखं आहे : लग्न सकाळी 6 ते संध्याकाळी 7 या वेळेतच लागलं पाहिजे, मात्र बिशपांचा परवाना असेल तर कॅथलिक धर्मगुरू रात्रीही लावू शकतात. चर्चच्या वहीत नोंद झाली की लग्न पक्कं. अडचण पुढे येते. ओळखपत्र, पासपोर्ट, व्हिसा यांसाठी संगणकीकृत सरकारी दाखला मागतात. म्हणून लग्नानंतर लगेच युनियन कौन्सिलमध्येही (स्थानिक स्वराज्य संस्थेत) नोंद करून घेतलेली बरी. मुलं झाल्यावर ती करायला गेलं की दोन कागदांवरच्या स्पेलिंगवरूनच फेऱ्या सुरू होतात.

मोडण्याचं मात्र अवघड. 1869 च्या घटस्फोट कायद्याच्या कलम 10 प्रमाणे नवऱ्याला एकच कारण मिळतं : बायकोचा व्यभिचार. बायकोला नुसता व्यभिचार पुरत नाही. त्याला क्रौर्य, दोन वर्षांचा त्याग असं आणखी काही जोडावं लागतं. व्यभिचाराचा आरोप केला की कलम 11 प्रमाणे त्या परपुरुषालाही दाव्यात ओढायचं. ज्या देशात व्यभिचार हा फौजदारी गुन्हा आहे, तिथे हा आरोप बाईला कुठे नेऊन ठेवेल, याचा विचार करा. दुसरी पळवाट धर्मांतराची : लग्नातून सुटण्यासाठी धर्मच बदलायचा. दोन्ही वाटा वाईट.

इंग्लंडच्या कायद्यातली कारणंही वापरता येतील अशी खिडकी कलम 7 मध्ये होती. झिया-उल-हक यांच्या राजवटीत 1981 मध्ये ती बंद झाली आणि लाहोर उच्च न्यायालयाने 2017 मध्ये पुन्हा उघडली. चर्चमधल्या काही मंडळींना हा निकाल रुचला नाही. पण कॅथलिकांसाठी विवाह अतूटच राहतो, निकालाने त्याला धक्का लागत नाही. कोर्टाने घटस्फोट दिला तरी चर्चमध्ये दुसरं लग्न लागत नाही. त्यासाठी पहिलं लग्न मुळातच रद्दबातल होतं असा चर्चच्या न्यायमंडळाचा निर्णय हवा. आणि तो निर्णय सरकारी कचेरीत चालत नाही. दोन्ही कागद लागतात. आपल्याकडे हाच 1869 चा कायदा 2001 मध्ये दुरुस्त झाला.

प्रश्न : ‘ईसाई’ म्हणायचं की ‘मसीही’? (नाशिक)

उत्तर : मसीही. पंजाबातले बहुतेक ख्रिस्ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून धर्मांतरित झालेल्या, सफाईकामाशी बांधल्या गेलेल्या जातीतले. ‘ईसाई’ शब्दाला तोच हिणकस वास चिकटलाय. सफाई कामगारांच्या भरतीच्या जाहिरातींत ‘फक्त बिगरमुस्लिमांसाठी’ अशी अट छापून आलेली आहे. कराचीचे गोवेकर कॅथलिक वेगळे : इंग्रजी शिकलेले, रेल्वे, कस्टम, शाळा यांत मुरलेले. पाकिस्तानचे पहिले कार्डिनल (पोपखालोखालचं पद) जोसेफ कोर्देरो (1973) या गोवेकर समाजातले. पण 1972 मध्ये खासगी शाळांचं राष्ट्रीयीकरण झालं, आणि त्याचा फटका कराची-लाहोर दोन्हीकडच्या मिशन शाळांना बसला.

प्रश्न : ईशनिंदेच्या कायद्यात नेमकं काय चुकतं? (कोल्हापूर)

उत्तर : पाकिस्तानच्या दंडविधानाच्या कलम 295-अ (धार्मिक भावना दुखावणं) मध्ये हेतू सिद्ध करावा लागतो. 1986 मध्ये आलेल्या 295-क (पैगंबरांचा अवमान) मध्ये हेतूचा शब्दच नाही आणि शिक्षा मृत्यूची. त्यामुळे विहिरीवरचं, जमिनीचं, पैशांचं भांडण या कलमात सहज बसवता येतं. तपास पोलीस अधीक्षकाहून खालच्या अधिकाऱ्याने करू नये अशी दुरुस्ती नंतर झाली, पण जमाव तपासाची वाट बघत नाही. आसिया बीबी या कॅथलिक शेतमजूर बाईला 2010 मध्ये फाशीची शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये साक्षींतल्या विसंगतींमुळे त्यांना निर्दोष सोडलं. तिची बाजू घेणारे कॅथलिक मंत्री शाहबाज भट्टी यांची मार्च 2011 मध्येच हत्या झाली होती.

प्रश्न : नाताळची सुट्टी असते? (मुंबई)

उत्तर : 25 डिसेंबरला सगळ्या देशाला असते; त्या दिवशी जिनांची जयंतीही असते. 26 ची सुट्टी फक्त ख्रिस्ती कर्मचाऱ्यांना.