शिंचूला शिकवायला बसलेल्या मुलीस

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तैवानमधल्या शिंचूला जाऊन महिना झाला, प्रयोगशाळेतलं काम मार्गी लागलं आणि आता आठवड्यातून दोन संध्याकाळी अकरावी-बारावीच्या मुलांना इंग्रजी शिकवायचं तू कबूल केलंस, हे वाचून मला फार आनंद झाला. "बाई, व्याकरण, शब्द आणि वाचन तिन्हीचा सराव करून घ्यायचाय, सुरुवात कुठून करू?" असं विचारलंयस. त्याच गावात मी सहा वर्षं काढली. ह्यांची नोकरी तिथल्या सायन्स पार्कमध्ये होती आणि आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती रोज संध्याकाळी चार-पाच मुलं बसलेली असायची. मला जे उशिरा कळलं ते तुला आधीच कळावं, म्हणून हे पत्र जरा लांबणार आहे.

सोळा वर्षांची एक मुलगी होती. आजीवर इंग्रजीत लिहून आणलेला परिच्छेद ती वाचून दाखवत होती. शिंचूत वारा फार, त्या वाऱ्यावर तांदळाच्या शेवया वाळवायचा जुना धंदा तिथे आहे, ते तुला एव्हाना ठाऊक झालंच असेल. तिची आजी पहाटे उठून त्याच कामाला जायची. लिहिलं छान होतं, पण वाचताना आजीचा उल्लेख आला की मुलगी इंग्रजीतलं पुरुषासाठीचं ‘ही’ म्हणायची, ‘शी’ नाही. मी सुधारलं. पुढच्या ओळीत पुन्हा ‘ही’. पुन्हा सुधारलं. तिसऱ्यांदा मात्र माझा आवाज चढला, "अगं, आजी बाई आहे ना?" तिने वही मिटली आणि त्या दिवशी पुढे एक अक्षर वाचलं नाही.

मी तेव्हा शेजारच्या बाईंकडे थोडं चिनी शिकत होते. रात्री त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, आमच्याकडे तो, ती, ते, सगळ्याला ‘था’च म्हणतात. लिहिताना अक्षर वेगळं, ‘ती’च्या अक्षरात बाईची खूण असते, पण तोंडाने एकच ‘था’. म्हणजे त्या मुलीला ‘शी’ येत नव्हतं असं नाही, वहीत तिने ते बरोबरच लिहिलं होतं. बोलताना समोरचं माणूस बाई की पुरुष हे आधी ठरवायची सवयच तिच्या जिभेला नव्हती. आपल्याला मात्र ते ठरवल्याशिवाय साधं ‘गेला-गेली’ही म्हणता येत नाही. जे मला आईच्या भाषेकडून फुकट मिळालं होतं, ते तिला कष्टाने मिळवावं लागत होतं, आणि मी तिच्यावर चिडले होते. तिची वही मिटल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

म्हणून सांगते, एक गोष्ट मनात पक्की धर. जिथे मराठी इंग्रजीच्या बाजूला आहे, तिथे तुझा धीर सुटेल. आणि जिथे मराठी चिनीच्या बाजूला आहे, तिथे मुलांची चूक तुला दिसणारच नाही. शिकवायला बसण्याआधी या दोन जागा ओळखून ठेव.

धीर सुटण्याची सगळ्यात मोठी जागा म्हणजे क्रियापद. चिनीत ते बदलतच नाही. ‘छ्यू’ म्हणजे जाणं. मी काल छ्यू, तू उद्या छ्यू, त्या रोज छ्यू. कधी ते कळायला काल-उद्या हे शब्द पुरतात आणि काम झालं हे दाखवायला जवळ एक छोटासा ‘ल’ येतो. मग ‘यस्टर्डे’ म्हटल्यावर ‘गो’चं ‘वेंट’ कशाला करायचं, हा प्रश्न त्या मुलांच्या दृष्टीने अगदी रास्त आहे. मी एकदा त्यांना मराठीतलं ‘जाणे’ रोमन लिपीत लिहून दाखवलं: गेलो, गेले, गेलास, गेलीस, गेला, गेली, गेलं, गेलात, गेल्या. मुलं डोळे विस्फारून बघत राहिली. एकाने विचारलं, "तुमच्याकडे लहान मुलं हे पाठ करतात?" त्यानंतर ‘वेंट’शी त्यांचं भांडण बरंच कमी झालं. तूही करून बघ.

पण भूतकाळाची खरी अडचण कानात असते, आणि ती माझ्या ध्यानात यायला वर्ष गेलं. तिथल्या चिनीत शब्दावयव, म्हणजे एका झटक्यात उच्चारला जाणारा शब्दाचा तुकडा, संपतो तो स्वरावर, नाहीतर ‘न’ किंवा ‘ङ’ या अनुनासिकांवर. आपण ‘मस्त’, ‘दोस्त’, ‘सक्त’ म्हणत वाढलो, त्यामुळे ‘वॉक्ट’, ‘आस्क्ट’ आपल्याला जड जात नाही. त्यांना शेवटचा ‘ट’ बोलता येत नाही आणि म्हणून ऐकूही येत नाही. अनेकवचनाच्या ‘स’चंही तेच. मूल कागदावर रिकाम्या जागा अचूक भरतं, दहापैकी दहा मिळवतं, आणि लगेच तोंडाने म्हणतं, "यस्टर्डे आय वॉक टु स्कूल." पालकांना वाटतं व्याकरण कच्चं आहे, मग व्याकरणाच्या आणखी वीस पानांचा सराव देतात. तू ते करू नकोस. रोज पाच मिनिटं श्रुतलेखन घे. साधी दहा वाक्यं, काही आजची, काही कालची, आणि ‘यस्टर्डे’ हा शब्द मुद्दाम गाळायचा. काळ फक्त त्या शेवटच्या ‘ट’वरून ओळखायचा. पहिल्या आठवड्यात निम्मी चुकतील. दीड-दोन महिन्यांत कान तयार होतो आणि मग जीभ आपोआप मागे येते.

आता दुसरी जागा, जिथे तुलाच चूक दिसणार नाही. माझ्या टेबलावरच्या वह्यांत "ऑलदो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट" असं वाक्य कितीतरी वेळा आलं आणि मी त्याच्याखाली रेघ मारली नाही. मला ते बरोबरच वाटलं, कारण आपलं ‘जरी-तरी’ तसंच जोडीने चालतं. चिनीतही तशीच जोडी आहे, ‘स्वेइरान’ आणि ‘तान्श’. ‘बिकॉज’ नंतर ‘सो’ लावण्याचं कारणही तेच: ‘इन्वेइ’ आला की मागून ‘स्वोई’ यायचाच. इंग्रजी दोघांपैकी एकालाच बोलावते. हे मी मुलांना सांगितलं तेव्हा माझी स्वतःची कॉलेजातली चूकही सांगितली, आणि वर्गात एकदम मोकळं वाटायला लागलं.

नकारार्थी प्रश्नाचंही तसंच आहे. "तू येणार नाहीस?" या प्रश्नाला आपण सहज म्हणतो, "हो, नाही येणार." तेही असंच म्हणतात. इंग्रजीत तिथे ‘नो’ लागतो. याच्यावर फार वेळ घालवू नकोस, दोन-तीनदा खेळासारखं घेतलं की बसतं.

‘अ’ आणि ‘द’ यांच्यावर मात्र वेळ घालव. ही उपपदं त्यांच्याकडे नाहीत, आपल्याकडेही नाहीत, आणि नियमांच्या यादीने ती कुणालाच येत नाहीत. माझ्या शेजारच्या बाईंनी एकदा मला जे दाखवलं त्याचा इथे फार उपयोग झाला. चिनीत ‘ख-रन लाय ल’ म्हणजे ज्यांची वाट बघत होतो ते पाहुणे आले. आणि शब्द उलटे करून ‘लाय ख-रन ल’ म्हटलं, तर कुणीतरी पाहुणे येऊन ठेपलेत, आपल्याला कल्पना नव्हती. शब्द तेच, जागा वेगळी. माहीत असलेलं माणूस क्रियापदाच्या आधी बसतं, अनोळखी नंतर. म्हणजे इंग्रजी ‘द’ने जो भेद करते तो त्या मुलांच्या मनात आधीपासून आहे, फक्त त्यांनी त्याला नाव दिलेलं नाही. हे दोन वाक्यप्रकार फळ्यावर लिही आणि त्यांनाच विचार, फरक काय? ती तुला हसत-हसत समजावून सांगतील, कारण तिथे ती तज्ज्ञ आहेत आणि तू विद्यार्थिनी. मग म्हण, पहिल्याला ‘द गेस्ट’, दुसऱ्याला ‘अ गेस्ट’. त्यानंतर एखादी छोटी गोष्ट घे, त्यातली सगळी उपपदं खोड, आणि प्रत्येक नामाजवळ थांबून एकच प्रश्न विचार: हा पाहुणा वाचणाऱ्याच्या ओळखीचा आहे का?

आता शब्द. प्रत्येक मुलाच्या दप्तरात तुला जाडजूड शब्दसंग्रह दिसेल. विद्यापीठ प्रवेशाच्या परीक्षेसाठी साधारण 6,000 शब्दांची यादी तिथे प्रमाण मानतात आणि मुलं ती पाठ करतात. त्यांची पाठांतराची ताकद थक्क करणारी आहे. हजारो चिनी अक्षरं घोटून तयार झालेली नजर इंग्रजी स्पेलिंगही चित्रासारखं टिपते. तिला नावं ठेवू नकोस. अडचण वेगळीच असते. यादीत एका इंग्रजी शब्दासमोर एक चिनी शब्द असतो, आणि तिथे गफलत होते. ‘च्ये’ या एकाच शब्दात उसनं देणं आणि उसनं घेणं दोन्ही येतं, मग मूल म्हणतं, "ही बॉरोड मी अ पेन." ‘खान’ म्हणजे बघणं, पुस्तकही ‘खान’, टीव्हीही ‘खान’, डॉक्टरकडे जाणंही ‘खान’. दिवा लावायचा तर चिनीत तो उघडतात, म्हणून ‘ओपन द लाइट’. म्हणून सुटा शब्द कधी देऊ नकोस. शब्द त्याच्या सोबत्यांसकट दे: रीड अ बुक, वॉच टीव्ही, सी अ डॉक्टर, टर्न ऑन द लाइट. मुलांना वहीत चिनी अर्थाच्या जागी स्वतःच्या घरातलं एक वाक्य लिहू दे.

त्यांच्या भाषेत शब्द जोडून शब्द होतात, त्याचाही फायदा घे. ‘त्येन’ म्हणजे वीज. विजेचा मेंदू म्हणजे संगणक, विजेचं बोलणं म्हणजे फोन, विजेची सावली म्हणजे सिनेमा. असं जुळवत वाढलेल्या मुलांना ‘टेली’, ‘फोटो’, ‘ग्राफ’ असे तुकडे दिले की ती भराभर शब्द उलगडतात. उलट ‘पिग’चं मांस ‘पोर्क’ आणि ‘काउ’चं ‘बीफ’ का, हे त्यांना अजिबात पटत नाही, कारण त्यांच्याकडे प्राण्याच्या नावापुढे ‘रोउ’ लावलं की झालं. आणि एक तास नात्यांसाठी राखून ठेव. वडिलांचा मोठा भाऊ ‘पोपो’, धाकटा ‘शूशू’, आईचा भाऊ ‘च्योच्यो’. तू काका, मामा, मावसा सांग. इंग्रजीच्या एका ‘अंकल’मध्ये एवढी माणसं कशी मावतात यावर आमचा अख्खा तास रंगला होता, आणि त्या तासाला एरवी गप्प बसणारी दोन मुलं सगळ्यात जास्त इंग्रजी बोलली.

मोठ्या संख्यांची काळजी घे. त्यांचा हिशेब ‘वान’ने चालतो, म्हणजे दहा हजाराने. आपला लाख-कोटीने. दोघांनाही मिलियन परका. तैवानची लोकसंख्या घे: आपले 2.3 कोटी, त्यांचे 2,300 वान, इंग्रजीत 23 मिलियन. उताऱ्यात अशी संख्या आली की मुलं अडखळतात आणि पुढचं वाक्य हातचं जातं. मीही अडखळायचे.

वाचनात सगळ्यात जास्त त्रास लांब वाक्यांचा होतो. "काल बाजारात भेटलेल्या बाईंनी दिलेलं पुस्तक" असं आपण म्हणतो, सगळं वर्णन आधी आणि पुस्तक शेवटी. चिनीही तशीच. इंग्रजी मात्र पुस्तक आधी हातात ठेवते आणि मग ‘दॅट’, ‘हू’, ‘विच’ करत मागची माणसं आणते. मुलं काय करतात, वाक्याच्या शेवटापर्यंत जातात आणि उलटी फिरून पुस्तकापर्यंत येतात. शेजारी बसून त्यांच्या डोळ्यांकडे बघ, ओळीवरून मागे-पुढे पळताना दिसतील. असा उतारा कधी वेळेत संपत नाही. मी पेन्सिलीने वाक्याचे तुकडे पाडायला लावायचे, एका दमात म्हणता येईल तेवढा एक तुकडा, आणि कागदाने मागचा भाग झाकत पुढे जायचं. मागे वळायचं नाही. पहिले काही दिवस अर्थ निम्माच लागतो, तो लागू दे. आणि उतारा सोपा निवड. पानात चार-पाचपेक्षा जास्त नवे शब्द असतील, तर मूल वाचत नसतं, शब्द खणत असतं.

परीक्षेला कमी लेखू नकोस. ती जानेवारीत होते आणि मुलांचं पुढचं बरंच काही तिच्यावर ठरतं. इंग्रजीच्या शंभर गुणांपैकी आठ गुण दोन चिनी वाक्यांच्या भाषांतराला असतात आणि वीस निबंधाला. ते भाषांतर मला फार आवडायचं. इंग्रजी लिहायच्या आधी मी मुलांना चिनी वाक्यावरच खुणा करायला सांगायचे: इथे काळ लपलाय, इथे ‘अ’ की ‘द’ ठरवायचंय, इथे जोडीतला एक शब्द गाळायचाय. खुणा झाल्या की वाक्य जवळजवळ तयारच असायचं.

"समजलं का?" असं वर्गाला विचारू नकोस. सगळे "समजलं" म्हणतील, जसे आपल्या शाळेत तुम्ही सगळे मला म्हणायचात. त्याऐवजी एकाला म्हण, शेजारच्याला चिनीत समजावून सांग. तुला शब्द कळले नाहीत तरी चेहऱ्यांवरून पोचलं की नाही ते कळतं. आणि तूही थोडं चिनी शिकत राहा. तुझे चिनी उच्चारांचे सूर चुकले की मुलं तुला दुरुस्त करतील, करू दे. त्या दिवशी ती इंग्रजीत चुकायला घाबरणार नाहीत.

पहिल्या तासाला त्यांना आपापल्या आजीवर दहा ओळी लिहायला सांग. आधी वाचून घे, मग वही न बघता सांगायला लाव. कोण कुठे अडखळतं ते एका कागदावर टिपून ठेव, पण त्या दिवशी कुणालाही सुधारू नकोस. त्या कागदाचा फोटो मला पाठव, पुढच्या महिन्याचा सराव आपण दोघी मिळून ठरवू. आणि वर्गाहून परतताना कान झाकून घे, हिवाळ्यात तिथला वारा रात्रीचा जास्त लागतो.

तुझ्या,
बाई